खालच्या ओळीतला शब्द

तातोबा चौगुल्यांचा आवाज गडहिंग्लजपासून कागलपर्यंत माणसं ओळखायची. जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं की माइक त्यांच्याच हातात. कोणी पट काढला, कोण ढाकेवर गेला, कोणाचा खांदा मातीला लागला, हे ते असं सांगत की मागच्या रांगेत उभ्या माणसालाही आखाड्यातली माती डोळ्यांसमोर दिसे. सत्तरी ओलांडल्यावर त्यांची जीभ जड झाली. पहिल्यांदा लोकांना वाटलं, म्हातारपण. मग हात गेले, मग पाय, आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या तारा एकेक करून मरत चालल्या आहेत. बुद्धी शाबूत राहील, कान शाबूत राहतील. बोलणं मात्र जाणार.

त्यांची मुलगी सुलक्षणा पुण्यात प्रोग्रॅमर होती. ज्या कंपनीत ती काम करत होती, तिथं नेमकं अशाच माणसांसाठी एक यंत्र बनत होतं. त्याला सगळे 'जाळी' म्हणत. कवटीच्या आत, जिभेला आणि ओठांना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागावर, कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पातळ जाळी बसवायची. माणूस मनातल्या मनात बोलू लागला की तो भाग हुकूम सोडतोच. स्नायू ऐकत नाहीत एवढंच. जाळी ते हुकूम टिपते, आणि पलंगासमोरच्या पडद्यावर अक्षरं उमटतात. जवळ बसलेल्यांसाठी यंत्र ती वाचूनही दाखवतं. लांबच्या माणसाला निरोप द्यायचा असेल तर 'पाठव' असं मनात म्हणायचं, की मजकूर फोनवर जातो.

सुलक्षणाने वडिलांसाठी नवी आवृत्ती निवडली. जुनीपेक्षा हलकी, उशीशेजारी मावणारी, न तापणारी. शस्त्रक्रियेनंतर पडद्यावर पहिलं वाक्य उमटलं तेव्हा ती तिथंच उभी होती.

"माइक चालू आहे का?"

ती हसली आणि लगेच रडली. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला इंदुमती मगदूम उभ्या होत्या. त्याही रडत होत्या. सुलक्षणाने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

इंदुमतीबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सुलक्षणाची आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्या तातोबांच्या घरी राहायला आल्या. लग्न नाही, काही नाही. दोन एकटी माणसं एका घरात राहू लागली. गावाने चार दिवस चर्चा केली आणि सोडून दिली. सुलक्षणाने सोडली नाही. "आईची भांडीसुद्धा अजून गार झाली नाहीत, अण्णा," असं ती बोलली होती आणि तातोबांनी तिला दार दाखवलं होतं. पुढं आजारपण आलं तेव्हा ती धावून आली, जाळी बसवून दिली, सगळी धावपळ केली. पण त्या घरात मुक्काम केला नाही. लॉजवर उतरायची. इंदुमतीबाईंना ती कुठल्याच नावाने हाक मारत नसे. आणि बापलेकींमधलं ते जुनं बोलणं दोघांनीही पुन्हा काढलं नाही.

पावसाळा सरता सरता तातोबांचा श्वास कमी पडू लागला. डॉक्टरांनी फोनवर सुलक्षणाला स्पष्ट सांगितलं, फार दिवस नाहीत. तिने बराच वेळ विचार करून वडिलांना निरोप पाठवला.

"अण्णा, मी रजा टाकून तिकडंच राहायला येते म्हणते. घरातच राहीन. तुम्हाला चालेल का? त्रास तर होणार नाही ना?"

दुपारी उत्तर आलं.

"तू आलीस तर मला त्रास होणार"

तिने ते ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचलं. चहा तसाच राहिला. वाक्य तुटक होतं, पण त्याचा अर्थ न लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. अण्णा नेहमी असंच बोलायचे, तोडून. मैदानात हरलेल्या पैलवानालासुद्धा ते कधी गोंजारत नसत. तिला वाटलं, त्यांना शेवटचे दिवस त्या बाईबरोबर शांतपणे काढायचे आहेत, आणि मी मध्ये नको आहे.

तिने लिहिलं, "बरं. जशी तुमची इच्छा."

आठवड्याभराने तिला राहवेना. तिने तब्येतीची चौकशी केली. उत्तर आलं, "मी एकदा सांगितलं ते सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगायला लावू नकोस."

त्यानंतर इंदुमतीबाईंचे फोन येऊ लागले. सुलक्षणाने एकही उचलला नाही. अण्णांची बाजू मांडायला मध्ये वकील कशाला हवा, असं ती मैत्रिणीला म्हणाली. दिवाळीच्या आधी फोन आला तो शेजारच्यांचा, आणि तो तिने उचलला. तातोबा सकाळी गेले होते.

अंत्यसंस्काराला हलगीवाले आले होते, जुने पैलवान आले होते. सगळं आटोपल्यावर अंगणात इंदुमतीबाईंनी तिला गाठलं.

"तुम्ही का आला नाही? ते रोज तुमची वाट बघत होते. दाराकडं तोंड करून पलंग फिरवायला लावला होता मला."

"त्यांनीच नको म्हणून सांगितलं होतं," सुलक्षणा म्हणाली.

"कोण म्हणतं? माझ्यासमोर लिहिलंय त्यांनी. ये म्हणून लिहिलंय."

सुलक्षणाने फोन काढून निरोप त्यांच्यापुढं धरला. इंदुमतीबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. त्यांचा चेहरा गोंधळला.

"असं नव्हतं हे."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी तसं म्हटलं का? असं नव्हतं एवढंच म्हणते."

"तुम्हाला आता माझ्याकडून काय पाहिजे?" सुलक्षणा म्हणाली. आवाज चढला होता. माणसं वळून बघू लागली. इंदुमतीबाई आत गेल्या. सुलक्षणा त्याच संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परतली.

---

उन्हाळ्यात परभणीहून एक तक्रार आली. वाचून सगळं ऑफिस हसलं. जाळी बसवलेल्या एका आजीबाईंनी सगळ्या नातेवाइकांना निरोप धाडला होता, 'यंदा माझा वाढदिवस करायचा'. त्याप्रमाणे मुलं, सुना, जावई, भाचे असे सगळे केक, हार आणि एक बँजो पार्टी घेऊन दारात हजर झाले. आजीबाई यंत्रातून ओरडत होत्या, "मी नाही म्हटलं होतं! करायचा नाही म्हटलं होतं!" सुनेने सासूबाईंकडून तेच वाक्य पुन्हा लिहवून, पाठवण्याआधी आणि नंतर काढलेले दोन फोटो तक्रारीसोबत जोडले होते. एक सासूबाईंसमोरच्या पडद्याचा, एक स्वतःच्या फोनचा. पडद्यावर वाक्य मोठ्या अक्षरांत होतं: 'यंदा माझा वाढदिवस करायचा', आणि खालच्या ओळीत एकटाच शब्द, 'नाही'. फोनवर तो शब्द नव्हता.

सगळे हसत असताना सुलक्षणा फोटोकडे बघत राहिली. मग तिने तक्रार स्वतःकडे घेतली.

यंत्रातला पडद्यापासून फोनपर्यंतचा भाग कंपनीने नव्याने लिहिलेला नव्हता. तो 'दौत' नावाच्या एका जुन्या, फुकट मिळणाऱ्या लेखन-संपादकावर उभा होता. दौत लिहिली गेली तेव्हा संगणकाला फक्त रोमन अक्षरं येत. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, आणि तो मावायला एक छोटा कप्पा. त्या कप्प्यात दोनशे छप्पन्न वेगवेगळे आकडे बसतात. पण ते कसे वाचायचे, याचे दोन रिवाज आहेत. काही चिप ते शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत वाचतात. काही चिप अर्धे आकडे उणे धरतात. रोमन अक्षरं खालच्या अर्ध्यात असतात, त्यामुळं इंग्रजीला कुठलाही रिवाज चालतो. मराठीचं तसं नाही. आपलं एकेक अक्षर तीन कप्पे घेतं, आणि पहिल्या कप्प्यात कायम दोनशे चोवीस असतो. एका चिपला तो दोनशे चोवीस दिसतो. दुसरीला तोच उणे बत्तीस.

दौतीत एक तक्ता होता. क्रमांक दिला की तो सांगे, हे अक्षर आहे, अंक आहे, की कोरी जागा. उणे बत्तीस नंबर विचारला की प्रोग्रॅम तक्त्याच्या वर जाऊन बघे. हजेरीपटावर पहिल्या नावाच्याही वर जाऊन 'हा मुलगा हजर आहे का' असं विचारल्यासारखं. तिथं मेमरीत त्या क्षणी जे काय पडलेलं असेल तेच उत्तर. कधी उत्तर येई 'अक्षर'. कधी येई 'कोरी जागा'.

आणि निरोप पाठवण्याआधी दौत मजकूर साफ करत असे. वाक्य ओळीत मावलं नाही आणि शेवटचा एकच तुकडा खालच्या ओळीत उरला, तर ती तपासे: यात खरंच काही आहे, की नुसती कोरी जागा? कोरी वाटली तर पुसून टाके.

इंग्रजीत नकार वाक्याच्या पोटात असतो. मराठीत तो शेवटी येतो. नाही, नको, नये.

जुन्या यंत्रातली चिप पहिल्या रिवाजाची होती. नव्या हलक्या आवृत्तीसाठी कंपनीने चिप बदलली. कोड तोच राहिला. चाचण्या झाल्या, पण त्यातली वाक्यं 'मला पाणी हवं' अशी, एका ओळीत मावणारी. आणि पलंगाशेजारी कधी काही चुकलंच नाही, कारण यंत्र मोठ्याने वाचे ते पडद्यावरचं, साफ करण्याआधीचं. जवळ बसलेल्याला पूर्ण वाक्य मिळत होतं. लांब राहणाऱ्याला कधी मिळे, कधी अपुरं.

दुरुस्ती अगदी साधी होती. तक्त्याला विचारण्याआधी प्रोग्रॅमला बजावायचं की हा आकडा उणे धरू नकोस. प्रत्येक ठिकाणी एकाच शब्दाची भर. अशा जागा कोडमध्ये जिकडंतिकडं विखुरलेल्या होत्या. माणसाने लिहिलेला कोड चिपच्या भाषेत उतरवणारा अनुवादक प्रोग्रॅम त्या प्रत्येक जागी पिवळी सूचना देत होता, आणि सूचनांचा ढीग नको म्हणून टीमने त्या केव्हाच बंद करून ठेवल्या होत्या. सुलक्षणाने त्या पुन्हा चालू केल्या आणि दोन दिवस बसून एकेक जागा दुरुस्त केली. आपण काय करतोय याचा विचार तिने त्या दोन दिवसांत केला नाही. तो तिसऱ्या दिवशी आला.

तिने जुन्या कोडमध्ये वडिलांचं वाक्य घातलं. आधी शेवटी 'नाही' जोडून. यंत्राने ते गिळलं आणि दिलं, 'तू आलीस तर मला त्रास होणार'.

मग तिने शेवटी 'आहे' जोडलं. यंत्राने तेही गिळलं. वाक्य तेच.

म्हणजे कोडकडून कळण्यासारखं काहीच नव्हतं. एक शब्द गेला होता, एवढं नक्की. कोणता, ते नाही. पाठवून झाल्यावर पडदा कोरा होत असे. मूळ मजकूर कुठंही राहत नसे.

तिचे वरिष्ठ निरंजन दीक्षित यांनी सगळं ऐकून घेतलं. भला माणूस होता. त्यांनी खोलीचं दार लावलं.

"दुरुस्ती सगळ्या यंत्रांवर आजच जाऊ दे. पण घराघरांत कळवायचं म्हणतेस ते कशासाठी?"

"त्यांना मिळालेले निरोप चुकीचे असू शकतात, सर."

"त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत, सुलक्षणा. घरच्यांना काय सांगायचं? तुमच्या वडिलांच्या शेवटच्या बोलण्यातला एखादा शब्द आम्ही खाल्ला, कोणता ते माहीत नाही? त्याने कोणाचं भलं होणार आहे? कंपनीचं सोड. त्या माणसांचं?"

"मला दोन दिवस द्या," ती म्हणाली.

---

गडहिंग्लजच्या घराचं दार उघडंच होतं. इंदुमतीबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सुलक्षणाला पाहून त्या उठल्या नाहीत, पण पाट पुढं सरकवला.

"पाणी घ्या."

सुलक्षणाने पाणी घेतलं. काय हाक मारावी ते तिला अजूनही सुचत नव्हतं. तिने सरळच विचारलं.

"अण्णांनी मला निरोप लिहिला तेव्हा तुम्ही समोर होता. काय लिहिलं होतं?"

"तेव्हा सांगितलं की."

"पुन्हा सांगा. जसं दिसलं तसं."

इंदुमतीबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "सकाळपासनं त्यांचं चाललं होतं. एक वाक्य करायचे, पुसायचे. 'ये' एवढंच लिहिलं, ते पुसलं. म्हणाले, पोरगी विचारते त्रास होईल का, तर त्याचंच उत्तर द्यायला पाहिजे. मग लिहिलं, तू आलीस तर मला त्रास होणार नाही."

"'नाही' होतं? नक्की?"

"होतं तर. खालच्या ओळीत एकटंच पडलं होतं ते. मी म्हटलंसुद्धा, बघा, तुमचा नाही खाली लोंबकळतोय. तर हसले. आता डोळ्यांनीच हसायचे ना ते."

परभणीचा फोटो या बाईंनी पाहिलेला नव्हता. खालच्या ओळीबद्दल सुलक्षणाने त्यांना अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिने भांडं खाली ठेवलं; ते कलंडलं आणि पाणी शेंगांच्या टरफलांत पसरलं.

"तुमचं उत्तर आलं, 'बरं, जशी तुमची इच्छा'," इंदुमतीबाई म्हणाल्या. "किती खूश झाले. म्हणाले, येतीय. मग पुन्हा तुम्ही तब्येत विचारली तर चिडले. ही नुसतं विचारतीय, येत का नाही? तेव्हा लिहिलं ते, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नकोस. मी फोन करत होते ते त्यासाठीच."

मग सुलक्षणाने त्यांना सगळं सांगितलं. कप्पे, चिप, तक्ता, उणे बत्तीस. इंदुमतीबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "म्हणजे चूक कोणाची नव्हती?"

"यंत्राची होती."

"बरं."

"पण फोन मी उचलला नाही," सुलक्षणा म्हणाली. "तो काही यंत्राने नव्हता अडवला."

इंदुमतीबाई 'नाही-नाही, असं कसं' असं काहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी ओल्या शेंगा निवडून वेगळ्या काढायला सुरुवात केली. सुलक्षणा रडत होती तेवढा वेळ त्या निवडत राहिल्या.

बऱ्याच वेळाने सुलक्षणाने विचारलं, "मी आले नसते इथं, मला हे कळलंच नसतं, तर बरं झालं असतं का?"

"तुला?" इंदुमतीबाई पहिल्यांदाच एकेरीवर आल्या. "तुला बरं झालं असतं. कुढली असतीस, पण बापावर राग धरून जगता येतं माणसाला. आता स्वतःवर धरून जगायचं म्हणजे अवघड आहे." त्यांनी टरफलं एका बाजूला लोटली. "पण त्यांचं काय? त्यांनी बोलावलं होतं. ते बोलावणं कुठंतरी पोचायला नको?"

उठताना त्या म्हणाल्या, "भाकऱ्या टाकते. जेवून जा."

ती जेवली. तिखट होतं. दोघींनी तातोबांचा विषय पुन्हा काढला नाही. निघताना सुलक्षणाने त्यांना वाकून नमस्कार केला, आणि तिच्या लक्षात आलं, ज्यांना करायचा राहिला त्यांच्याऐवजी आपण हा करतो आहोत. इंदुमतीबाईंनाही ते कळलं असावं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

---

निरंजन दीक्षितांनी तिचं म्हणणं मान्य केलं, नाखुशीने. कळवायचा मजकूर तिनेच लिहिला. आमच्या यंत्रातील दोषामुळे तुम्हाला आलेल्या निरोपांतला शेवटचा शब्द गळला असण्याची शक्यता आहे. तो कोणता होता हे आम्हाला शोधता येणार नाही. निरोप लिहिताना जवळ कोणी बसलं असेल, तर त्यांना विचारा. खाली तिने स्वतःचा नंबर दिला.

फोन येऊ लागले. काही जण शिव्या घालत होते, त्या तिने ऐकून घेतल्या. काहींना नुसतं समजून घ्यायचं होतं. एका बाईने हसत सांगितलं की नवऱ्याचा 'जेवायचं' असा निरोप आल्यावर तिने किती वेळा ताट वाढून ठेवलं. मग ती हसता हसता गप्प झाली.

एका दुपारी उदगीरहून फोन आला. म्हातारा आवाज होता, सावकाश बोलणारा. नाव सांगितलं, वैजनाथ हुडगे. बायको लातूरला दवाखान्यात होती, जाळी तिथंच बसवली होती.

"तिनं मला लिहिलं होतं, 'मला आता घरी यायचं'. एवढंच. मी गाडी केली, घरी आणलं तिला. डॉक्टर नको म्हणत होते, तरी आणलं. चौथ्या दिवशी गेली. बाई, पुढचा शब्द काय होता?"

सुलक्षणाला काय विचारायचं ते माहीत होतं, आणि विचारायची भीती वाटली. "तेव्हा त्यांच्याजवळ कोण बसलं होतं, काका?"

"कोणी नव्हतं. मी उदगीरला होतो. पोरगा परदेशात. नर्स बदलत्या."

"घरी आल्यावर त्या काही बोलल्या का?"

"यंत्र दवाखान्याचं होतं. घरी कुठलं? मी न्यायला गेलो तेव्हा सोडायच्या गडबडीत ते आधीच काढून ठेवलं होतं."

बाजूला कोणीतरी नळ सोडल्याचा आवाज येत होता. तो बंद करायला ते उठले नाहीत.

"यायचं आहे म्हणाली असेल," ते म्हणाले. "नाहीतर यायचं नाही. दोन्ही बसतं."

"हो, काका. दोन्ही बसतं. मला सांगता येत नाही."

"तिला घर आवडायचं. अंगणात पेरूचं झाड आहे. पण दवाखान्याचीही धास्ती नव्हती तिला. माझ्यावर भार नको, असं म्हणायची ती नेहमी." मग लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "'आहे' असेल ना, बाई?"

'सांगता येत नाही' हे खरं उत्तर तिच्याजवळ होतं, आणि ते तिचं एकदा देऊनही झालं होतं.

"असेल," ती म्हणाली.

ते बरं म्हणाले, पण त्यांनी फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.